हातात दाताळं, तोंडात वॅफल!

टॉयलेट पेपर विकून मैत्री होते, असं चिपळुणात असताना मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला सरळ वेड्यात काढलं असतं. पण झाली की हो! आमच्या जिन्यातल्या झाडून सगळ्या बिऱ्हाडांशी झाली. पहिल्या मजल्यावरच्या आजी मला लोकरीचे मोजे विणायला शिकवतायत, समोरचा बसड्रायव्हर रविवारी डोंगरावर निघायचं असलं की आदल्या दिवशी ‘येणार का?’ म्हणून मेसेज टाकतो, आणि तळमजल्यावरच्या पोलिश सुताराच्या बायकोने माझ्याकडून फोडणी कशी द्यायची ते शिकून घेतलंय. ‘नॉर्वेतली माणसं थंड असतात’, ‘दहा वर्षं राहिलात तरी कुणी घरात बोलावणार नाही’ असं ज्यांनी ज्यांनी मला निघताना बजावलं होतं, त्या सगळ्यांना एकेकाला फोन करून सांगावंसं वाटतंय : अहो, तुम्हाला युक्तीच कळली नाही! या माणसांशी गप्पा मारायला जायचंच नाही. त्यांच्याबरोबर काम करायचं. बस्स!

थांबा, जरा क्रमाने सांगते. सगळं एकदम सांगायची घाई झालीय मला.

नवरा मर्चंट नेव्हीतला. बर्गन हे शेकडो वर्षांचं जहाजांचं गाव, तिथे एका कंपनीत त्याला किनाऱ्यावरची नोकरी मिळाली आणि आम्ही दोघं आणि तिसरीतली लेक असे तिघं सामानासकट इथे येऊन पडलो. सात डोंगरांच्या कुशीत वसलेलं, समुद्र थेट बाजारपेठेत शिरलेला, तीन लाखांच्या आतबाहेर वस्तीचं गाव. बंदरावर ब्रिग्गेनची तांबड्या-पिवळ्या लाकडी घरांची रांग, १९७९ पासून जागतिक वारसा यादीत असलेली. आणि पाऊस! वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या पुढे. आम्ही कोकणातली माणसं, पावसाचं कौतुक आम्हाला काय सांगता? पण आपला पाऊस चार महिने कोसळतो आणि घरी जातो. इथला बारमाही मुक्कामाला. २००६च्या ऑक्टोबरअखेरीपासून पुढच्या जानेवारीपर्यंत इथे सलग ८५ दिवस पाऊस पडला होता, आणि लोक ते अभिमानाने सांगतात! हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात, ही इथली म्हण तर बालवाडीतल्या पोरालाही पाठ. पोरं धो धो पावसात रबरी सूट चढवून चिखलात बसलेली आणि बाई शांतपणे बाजूला उभ्या. मला तर गाव पहिल्याच आठवड्यात आवडून गेलं.

माणसं मात्र सापडेनात. बसमध्ये कुणी कुणाशेजारी बसत नाही. दोनपैकी एक सीट रिकामी असली तरी लोक उभे राहतात. जिन्यात गाठ पडली की ‘हाय’ म्हणतात, तेही दाराच्या कडीकडे बघून. आपल्याकडे नवीन बिऱ्हाड आलं की अर्ध्या तासात चहा, तासाभरात जेवणाचं आमंत्रण आणि संध्याकाळपर्यंत ‘पगार किती?’ असा रीतसर प्रवास असतो. इथे काहीच नाही. मी लाडू करून दारोदार वाटून आले. सगळ्यांनी मनापासून आभार मानले आणि दारं लावून घेतली.

आणि मग एप्रिलअखेरीला जिन्यात एक कागद लागला.

वर मोठ्या अक्षरात ‘डुग्नाड’, म्हणजे सगळ्यांनी मिळून विनामोबदला करायचं काम. खाली तारीख, संध्याकाळी पाचची वेळ, ‘हातमोजे आणा, बाकी अवजारं आहेत, शेवटी सॉसेज आणि कॉफी’. मी भाषांतराच्या अ‍ॅपवरून वाचलं आणि ठरवलं, जायचंच. आमची इमारत सहकारी गृहनिर्माण संस्थेची आहे, त्याला इथे बोरेत्सलाग म्हणतात. थोडक्यात, आपली सोसायटी. पण आपल्या सोसायटीत मीटिंग म्हटली की लोकांना गावाला जायचं असतं. इथे पाचला पाच कमी असताना सगळा जिना खाली हजर! विद्यापीठातले प्राध्यापक, बसड्रायव्हर, निवृत्त नर्स असलेल्या आजी, पोलिश सुतार, कडेवर तान्हं बाळ घेतलेली एक आई. सगळ्यांच्या अंगावर सगळ्यात जुनी पँट.

आणि कामं बघा काय काय! हिवाळ्यात बर्फावर पाय घसरू नये म्हणून रस्त्यावर बारीक खडी टाकतात. बर्फ गेला की ती खडी सगळीकडे उरते. ती झाडून गोळा करायची. दाताळ्याने वर्षभराचा पाला ओढायचा. मुलांच्या वाळूच्या खड्ड्यातली वाळू बदलायची, कुंपणाला तेल द्यायचं, बाकं रंगवायची, दारापाशी फुलझाडं लावायची. अंगणात एक भलामोठा लोखंडी कंटेनर आणून ठेवलेला. त्यात जो तो आपल्या तळघरातलं भंगार आणून टाकतोय आणि दुसरा कुणीतरी आत वाकून ‘अरे, हे अजून चांगलं आहे’ म्हणत तेच बाहेर काढतोय!

मुकादम कुणीच नाही. प्राध्यापकमहाशय पिशवी धरून उभे आणि ड्रायव्हर त्यात पाला भरतोय. मला कुणी ‘तुम्ही बसा, पाहुण्या आहात’ म्हणालं नाही. आजींनी एक दाताळं माझ्या हातात दिलं आणि कोपरा दाखवला. झालं! जे लोक इतके दिवस दाराच्या कडीशी बोलत होते, तेच आता माझ्याशी बोलायला लागले. आधी ‘हे टोक धर’, मग ‘इकडून ओढ, सोपं जातं’, मग ‘तुमच्याकडे पाला जाळतात का?’, मग ‘चिपळूण म्हणजे मुंबईपासून किती लांब?’ आणि तासाभराने प्राध्यापक मला त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची सविस्तर हकीकत सांगत होते! तोंडासमोर तोंड आणून गप्पा मारायला ही माणसं बुजतात. शेजारी शेजारी उभं राहून, नजर कामावर ठेवून बोला, मग बघा कशी भडाभडा बोलतात.

काम संपलं आणि अंगणातल्या लाकडी टेबलावर वॅफलचं यंत्र लागलं. आजींनी पातेल्यातून पीठ ओतलं, झाकण दाबलं आणि वाफ वर आली. वेलदोडा! अहो, चक्क वेलदोडा! मी दाताळं टाकून धावलेच. तर इथे गोड पावात, वॅफलमध्ये, ख्रिसमसच्या भाजक्या पदार्थांत पिढ्यान् पिढ्या वेलदोडा घालतात, आणि मला ते कुणी म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं! वॅफल निघालं पाच पाकळ्यांच्या फुलासारखं, एकेक पाकळी बदामाच्या आकाराची. त्यावर घालायला तपकिरी चीज, त्याचं नाव ब्रूनोस्त. चीजची निवळी मलईबरोबर तासन् तास आटवतात, तिच्यातली साखर तपकिरी होते आणि घट्ट, गोडसर, किंचित खारट वडी तयार होते. ती कापायला एक चपटी पट्टी, मध्ये धारदार फट. चीजवरून ओढली की कागदासारखा पातळ काप निघतो. हे हत्यार शोधलं थोर ब्योर्कलुन नावाच्या लिलेहामरच्या एका सुताराने, १९२५ साली, आपल्या रंध्यावरून! ही गोष्ट मला आमच्या पोलिश सुताराने सांगितली, आणि ते यंत्र आपणच शोधलं असावं अशा थाटात सांगितली.

दुसऱ्या दिवशी मी आजींच्या दारात. हातात घरून आणलेल्या हिरव्यागार वेलदोड्यांची पुडी. त्यांनी एक फोडून वास घेतला, डोळे मिटले आणि मला आत बोलावलं. आत! बर्गनमधल्या घरात! चपला काढून, हं, इथेही चपला दाराशीच काढतात.

त्या दिवसापासून मी डुग्नाडने झपाटलेय. जिथे बघावं तिथे हेच! पूर्वी इथले शेतकरी कोठार उभारायला, गवत कापायला, छप्पर घालायला शेजाऱ्यांना बोलवायचे, मजुरी नाही, यजमानाने जेवू घालायचं. आपल्याकडच्या इर्जिकीसारखंच अगदी! आपली इर्जिक आता गावोगाव आठवणीत गेली, यांनी मात्र ती शहरात आणली, फ्लॅटमध्ये आणली, शाळेत आणली. २०२०च्या मार्चमध्ये करोना आला तेव्हा पंतप्रधान अर्ना सूलबर्ग यांनी देशाला आवाहन केलं तेही ‘आता राष्ट्रीय डुग्नाड करायचा आहे’ अशाच भाषेत.

आणि बर्गनचा तर एक किस्सा ऐकाच. इथे १९९१ पासून दर नाताळात आल्या-दालचिनीच्या बिस्किटांचं अख्खं शहर उभारतात. घरं, चर्च, जहाजं, आगगाड्या, सगळं बिस्किटांचं. बालवाड्या, शाळा, कचेऱ्या, घरोघरची माणसं भाजून आणून देतात. २००९च्या नोव्हेंबरात उद्घाटनाच्या तोंडावर कुणीतरी रात्री आत घुसून या शहराचा पार चुरा केला. पोरांनी केलेली घरं पायदळी! मग काय केलं बर्गनकरांनी? पुन्हा ओव्हन पेटवले. गावभर नव्याने पीठ मळलं गेलं आणि शहर पुन्हा उभं राहिलं. ही हकीकत मला ज्याने सांगितली तो तेव्हा शाळकरी होता. आपण केलेलं चर्च मोडलं होतं आणि दुसरं आधीच्यापेक्षा उंच केलं, हे त्याला अजून पाठ आहे.

आता टॉयलेट पेपरकडे येते. लेकीला शाळेच्या बँडमध्ये घेतलं. इथे याला कोर्प्स म्हणतात, आणि जवळपास प्रत्येक शाळेचा आपला असतो. तिसरी-चौथीतली पोरं कॉर्नेट, क्लॅरिनेट हातात घेतात. आमच्या लेकबाईंनी क्लॅरिनेट निवडलं आणि घरात महिनाभर बदकं ओरडत होती. पण वाद्यं, गणवेश, शिकवणारा, उन्हाळी सहल यांना पैसे लागतात, आणि ते उभे करायचे आईबापांनी. कसे? टॉयलेट पेपर विकून! फुटबॉलचे संघ, हँडबॉलचे संघ, कोर्प्स, सगळे विकतात. मी पालकसभेत हसायलाच लागले. शेजारच्या बाबांनी गंभीरपणे समजावलं : नासत नाही, फॅशन जात नाही आणि ‘आम्हाला लागत नाही’ असं कुणी म्हणू शकत नाही. यावर काय बोलणार!

मग निघालो आम्ही मायलेकी. भलेमोठे गठ्ठे, दारोदार. लेक बेल वाजवणार आणि नॉर्वेजियनमध्ये पाठ केलेलं वाक्य म्हणणार, मी मागे कागद-पेन घेऊन. आणि बघते तो काय, प्रत्येक दार उघडतंय! लाडू घेऊन गेले तेव्हा ही माणसं अवघडली होती, कारण फुकट मिळालेल्या वस्तूची परतफेड कशी करायची हा त्यांना पडलेला पेच. टॉयलेट पेपर घेऊन गेले तर हसून दोन गठ्ठे घेतायत, फोनवरून व्हिप्सने पैसे पाठवतायत, ‘मीही लहानपणी विकलेत’, ‘मी ट्रोम्बोन वाजवायचो’ म्हणून सांगतायत. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने तर आत जाऊन आपला शाळेतला बँडच्या गणवेशातला फोटो आणून दाखवला.

मग वर्षातून दोनदा ‘लोपेमार्केद’, म्हणजे जुन्या वस्तूंचा बाजार. शाळेचा व्यायामाचा हॉल रिकामा करायचा, गावभरातून नको असलेल्या वस्तू गोळा करायच्या, पालकांनी विभाग वाटून घ्यायचे आणि शनिवार-रविवार विकायच्या. पुस्तकं एका बाजूला, स्की एका बाजूला, दिवे, सोफे, सायकली. मला मिळाला भांडीकुंडी विभाग. माझ्यासारख्या बाईला भांडीकुंडी विभाग! मी कपांच्या जोड्या लावल्या, पातेली उतरंडीने रचली, आणि घासाघीस कशी करतात ते या सरळमार्गी लोकांना पहिल्यांदा दाखवलं. दुपारपर्यंत माझ्या टेबलाशी गर्दी आणि रविवारी शेवटच्या तासाला ‘पिशवीत मावेल तेवढं एका भावात’ असा पुकारा. संध्याकाळी हॉल झाडून, घामाघूम होऊन आम्ही आया-बाबा जमिनीवरच बसलो, उरलेले पाव आणि कॉफी मध्ये. बर्गनमधल्या माझ्या मैत्रिणी कुठे झाल्या असं कुणी विचारलं तर मी त्या हॉलच्या फरशीकडे बोट दाखवीन.

डोंगराचं तर अजून बोललेच नाहीये! बसमध्ये नजर चुकवणारी हीच माणसं डोंगराच्या वाटेवर लागली की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ‘हाय-हाय’ करतात. प्रत्येकाला! मला आधी वाटलं, मागे कुणी ओळखीचं आहे. फ्लोयेन ३२० मीटर, गावाच्या मधूनच वर जातो, आणि १९१८ पासून त्यावर केबलने ओढलेली रेल्वे आहे. उल्रिकन ६४३ मीटर, सात डोंगरांतला सगळ्यात उंच. त्याच्या चढावर दगडी पायऱ्या आहेत, तेराशेहून जास्त, आणि त्या बांधल्यात नेपाळहून आलेल्या शेर्पांनी. हिमालयातली माणसं येऊन नॉर्वेच्या डोंगराला जिना घालून गेली! त्या पायऱ्या चढताना मला काय वाटलं ते सांगणार नाही, कारण काही वाटण्याइतका श्वासच उरला नव्हता.

पण खरा चमत्कार पुढेच. इथे १८६८ साली स्थापन झालेली एक ट्रेकिंग संघटना आहे, डीएनटी. देशभर त्यांची पाचशेहून जास्त डोंगरी घरं आहेत. वाटेवर दगडांवर लाल ‘टी’ रंगवलेला, तो बघत जायचं. रंगवणारे कोण? स्वयंसेवक, म्हणजे पुन्हा डुग्नाड! बऱ्याच घरांत रखवालदार नाही. सभासदाला अनामत भरून एक किल्ली मिळते आणि ती जवळपास सगळ्या कुलूपबंद घरांना चालते. आत बिछाने, चूल, रचलेली लाकडं आणि काही घरांत चक्क भरलेलं कोठार : डबाबंद मासे, ओटचं पीठ, सूप, कॉफी. तुम्ही घ्यायचं, काय घेतलं ते लिहायचं आणि पैसे भरायचे. कॅमेरा नाही, हिशेबनीस नाही, कुणी तपासायला येत नाही. निघताना पुढच्यासाठी लाकडं फोडून ठेवायची, पाणी आणून ठेवायचं, फरशी झाडायची. शेजारच्या बसड्रायव्हरबरोबर अशा एका घरात गेले तेव्हा मी त्या कोठाराच्या फळीसमोर उभी राहून पुन्हा पुन्हा विचारत होते, ‘आणि कुणी नाही लिहिलं तर?’ ड्रायव्हरला प्रश्नच कळेना. ‘का नाही लिहिणार?’ म्हणाला.

तसंच जंगलाचं. १९५७च्या कायद्याने इथे मोकळ्या रानावनात कुणीही भटकावं, घरापासून दीडशे मीटर लांब तंबू ठोकावा, रानमेवा तोडावा. मग ती जमीन कुणाच्याही मालकीची का असेना! ऑगस्टात आजी मला बादली घेऊन ब्लूबेरी वेचायला घेऊन गेल्या. करवंदांच्या जाळीत वाढलेल्या मला कुणी वेचायला शिकवावं? पण आपली चांगली जागा कुठे आहे हे त्यांनी मला दाखवलं, आणि इथले लोक ती जागा पोटच्या पोरांनाही लवकर सांगत नाहीत म्हणे!

भाषा? येतेय हळूहळू. वाचनालयात ‘स्प्रोककाफे’ भरतो, भाषेचा कट्टा. निवृत्त मंडळी येऊन बसतात आणि आमच्यासारख्यांशी निव्वळ बोलत राहतात, फुकट. एका टेबलाशी सीरियाचा एक, पोलंडचे दोघं, एरिट्रियाची एक आणि मी, सगळे मिळून एकाच क्रियापदाचा खून करतोय आणि समोरचे आजोबा शांतपणे पुन्हा म्हणून दाखवतायत. इथे लेखी भाषेची अधिकृत रूपंच दोन आणि बोली तर दर खोऱ्याला वेगळी. वर्गात एक शिकायचं आणि बर्गनच्या बाजारात भलतंच ऐकायचं. लोक याला वैतागतात, मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. संगमेश्वरी एका कानाने आणि पुणेरी दुसऱ्या कानाने ऐकत वाढलेय मी!

ऑक्टोबरात एका रविवारी टीव्हीच्या निधीसंकलनात गेले. हे तर अद्भुतच आहे! १९७४ पासून दरवर्षी इथली सरकारी वाहिनी एका सामाजिक कामासाठी पैसे गोळा करते आणि हजारो स्वयंसेवक डबे घेऊन दोन-एक तासांत देशभरातली घरं पालथी घालतात. मला शेजारचा रस्ता मिळाला. त्या रस्त्यावरून मी रोज जायचे आणि एकही माणूस माहीत नव्हतं. आता निम्मी माहीत आहेत.

आणि मग आला १७ मे! १८१४ साली या दिवशी आयड्सवोल गावी नॉर्वेची राज्यघटना झाली. राष्ट्रीय दिवस, पण रणगाडे नाहीत, क्षेपणास्त्रं नाहीत. संचलन कुणाचं? पोरांचं! शाळांमागून शाळा, बँडमागून बँड, हातात झेंडे. बर्गनला तर वर ‘ब्यूकोर्प्स’ची भर, दीडशेहून जास्त वर्षांपासून चालत आलेली गल्लोगल्लीच्या पोरांची ढोलपथकं. भल्या सकाळी ढोल सुरू झाले आणि मी खिडकीत धावले, थेट पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर आहे की काय! सकाळी सगळ्या जिन्याची एकत्र न्याहारी, ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचा. मी बटाटेवडे नेले. बटाट्यावर प्रेम करणाऱ्या देशात बटाटेवड्यांचं काय होणार हे सांगायला नको. बायका बूनाडमध्ये, म्हणजे आपापल्या भागाच्या भरतकामाचा लोकरी पोशाख आणि छातीवर चांदीचे दागिने. मी काय नेसावं हे आजींनाच विचारलं. ‘तुझा बूनाड असेल ना?’ म्हणाल्या. मग काढली पैठणी! काठ हातात घेऊन चार जणींनी विणकाम तपासलं, मी त्यांच्या चांदीचे बिल्ले तपासले, आणि रस्त्यावरून आमची लेक क्लॅरिनेट वाजवत गेली. बदकं आता सुरात होती.

सगळं गोडगोड आहे असं नाही. डिसेंबरात सूर्य साडेनवाच्याही पुढे उगवतो आणि साडेतीनला मावळतो. महागाई अशी की बाहेर जेवायचा विचार मनात आला की भूकच मरते. न कळवता कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, कॉफी प्यायलाही दोन आठवडे आधी तारीख ठरते. मैत्री इथे सावकाश मुरते आणि ज्याला पहिल्या महिन्यात जिवाभावाचे दोस्त हवेत त्याची निराशा ठरलेली. पण एकदा तारीख ठरली की माणूस पावसात, अंधारात, बरोबर वेळेवर हजर असतो. आमच्या लेकीला ताप आला आणि नवरा बाहेरगावी होता, तेव्हा सूप घेऊन वर आल्या त्या याच ‘थंड’ जिन्यातल्या आजी. त्यांनी आधी मेसेज टाकून विचारलं होतं, तेवढंच.

परदेशी निघालेल्या आणि जाऊन बसलेल्या माझ्या मराठी भावाबहिणींनो, म्हणून हे सगळं धापा टाकत लिहितेय. मंडळाचा गणपती जरूर करा, दिवाळीला चकल्या तळा, मराठी माणसं धरून ठेवा. परक्या गावात ती माहेरच्या माणसांसारखी असतात. पण तिथेच थांबू नका. प्रत्येक देशाचं काहीतरी असतंच. जर्मनीत गावोगावी स्वयंसेवकांची अग्निशमन दलं आहेत आणि प्रत्येक छंदाचं नोंदणीकृत मंडळ आहे. जपानमध्ये मोहल्ला समित्या ठरल्या दिवशी रस्ता झाडतात. ब्रिटनमध्ये दर शनिवारी सकाळी बागेबागेत पार्करन होते आणि ती पार पाडायला स्वयंसेवक लागतातच. भाषा नीट येईपर्यंत थांबू नका, कारण झाडू मारायला व्याकरण लागत नाही आणि भाषा त्या झाडूबरोबरच येते. आमंत्रणाची वाट बघत बसू नका. तुमच्या गल्लीत, शाळेत, वाचनालयात कुठलं काम चाललंय ते याच आठवड्यात शोधा आणि तिथे जाऊन एवढंच विचारा : मी काय करू?